मोर्चाचा नियम कुणासाठी?

प्राइडच्या मोर्चात कोणते कपडे घालावेत, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या 377 कलमाविरुद्धचा लढा दीडशे वर्षांच्या कायद्याशी झाला, विवाहाच्या हक्काचं प्रकरण 2023 साली सर्वोच्च न्यायालयातून रिकाम्या हाताने परतलं. एवढं सगळं समोर असताना पिसांचा मुकुट आणि उघडी पाठ यांवर कुणी का भांडावं? तरीही पुण्यात 2017 साली नेमका हाच वाद पेटला. आयोजकांच्या बाजूने सभ्य पोशाखाची अपेक्षा व्यक्त झाली आणि चळवळीतल्याच अनेकांनी तिला कडाडून विरोध केला. बाहेरच्यांना हा घरगुती रुसवाफुगवा वाटला असेल. मला मात्र वाटतं की या चळवळीपुढचा सगळ्यात अवघड प्रश्न या कपड्यांच्या वादात दडलेला आहे: मोर्चाचे नियम ठरवताना डोळ्यांसमोर कोण असावं, रस्त्यावरून चालणारा की कडेला उभा राहून बघणारा?

आपल्याकडे वादाची जुनी शिस्त अशी, की आधी पूर्वपक्ष मांडायचा आणि तो त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायचा. म्हणून आक्षेपकाला आधी बोलू द्यावं. तो समलिंगींचा द्वेष करणारा नाही. तो चळवळीतलाच आहे, बहुधा तिच्यासाठी वर्षानुवर्षं खपलेला. तो म्हणतो, "तुम्ही मुंबईतल्या मोर्चात कसेही चालाल. पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो छापून येतो तो सगळ्यात भडक माणसाचा. तो फोटो सांगलीतल्या एका घरात चहाबरोबर बघितला जातो. त्या घरातला एकोणीस वर्षांचा मुलगा आईला आपल्याबद्दल सांगायचं धाडस गोळा करत असतो, आणि आई तो फोटो बघून म्हणते, शी, काय ही थेरं! त्या मुलाचं धाडस तिथेच संपतं. तुमच्या स्वातंत्र्याची किंमत त्याने मोजली. शिवाय परवानगी पोलिसांकडून आणायची असते. अश्लीलतेची एक तक्रार झाली तर पुढच्या वर्षी मोर्चाच निघणार नाही. वारीलाही शिस्त असते, दिंड्यांचे क्रम ठरलेले असतात. मग आम्ही शिस्त मागितली तर आम्ही दडपशाही करणारे कसे?" हा युक्तिवाद तुच्छतेने उडवून लावणाऱ्याने सांगलीतल्या त्या मुलाचा विचार केलेला नाही, असंच मी म्हणेन.

या पूर्वपक्षाला इतिहासात एक मोठा पूर्वज आहे. फ्रँक कॅमेनी हा अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ. समलिंगी असल्याच्या कारणावरून 1957 साली त्याची सरकारी नोकरी गेली. तो गप्प बसला नाही. 1965 पासून दर वर्षी 4 जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, फिलाडेल्फियातल्या इंडिपेन्डन्स हॉलसमोर त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निदर्शनं केली. त्या काळात चेहरा उघडा ठेवून असं उभं राहणं हे केवढं धैर्य होतं! पण नियम कडक होते. पुरुषांनी कोट-टाय, स्त्रियांनी झगा किंवा स्कर्ट, रांगेत चालायचं, एकमेकांना स्पर्श करायचा नाही. कॅमेनीचं तर्कशास्त्र साधं होतं: आम्ही नोकऱ्या मागतो आहोत, तेव्हा नोकरीला ठेवण्याजोगे दिसलं पाहिजे. 1969 च्या जूनअखेरीस न्यूयॉर्कमध्ये स्टोनवॉल बारवरच्या पोलीस धाडीनंतर दंगल उसळली, आणि त्यानंतर आठवडाभरातच फिलाडेल्फियाच्या रांगेत दोन स्त्रिया हातात हात घालून चालू लागल्या. कॅमेनीने त्यांचे हात सोडवले. समलिंगी प्रेमाच्या हक्कासाठी भरलेल्या निदर्शनात, त्याच निदर्शनाच्या पुढाऱ्याने, दोन स्त्रियांचे गुंफलेले हात वेगळे केले. कॅमेनी दुष्ट नव्हता, भित्रा तर मुळीच नव्हता. बघणाऱ्याच्या नजरेला मोर्चाचा नियंता केलं की उत्तमातला उत्तम माणूसही कुठे पोहोचतो, ते या घटनेत दिसतं. त्याच वर्षाच्या अखेरीस क्रेग रॉडवेल या कार्यकर्त्याच्या आणि त्याच्या साथीदारांच्या पुढाकाराने ही वार्षिक निदर्शनं बंद करून न्यूयॉर्कमध्ये जूनअखेर मोर्चा काढायचा ठराव झाला, आणि त्यात पोशाखाचं वा वयाचं कोणतंही बंधन राहणार नाही असं स्पष्ट लिहिलं गेलं. 28 जून 1970 ला ख्रिस्तोफर स्ट्रीटच्या परिसरातून सेंट्रल पार्कपर्यंत हजारो लोक चालत गेले. आज जगभर ज्याला प्राइड म्हणतात तो या ठरावातून जन्मला. पोशाखाचा नियम मोडणं हा प्राइडला नंतर जडलेला उच्छृंखलपणा नाही, तो त्याचा पायाच आहे.

आक्षेपक म्हणेल, अमेरिकेचं सोडा, इथे सभ्यतेने काम होतं. तर इथलाच पुरावा बघू. 1934 साली रघुनाथ धोंडो कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला चालला. गुन्हा काय, तर 'समाजस्वास्थ्य' या आपल्या मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली, त्यांत समलिंगी संबंधांवरच्या प्रश्नाचाही समावेश होता. कर्व्यांची भाषा शास्त्रीय, कोरडी, कुणालाही चाळवणार नाही अशी. त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. याहून भारदस्त वकील कुठून आणणार? तरीही कर्वे खटला हरले. सभ्यातल्या सभ्य गद्यालाही अश्लील ठरवता येतं, कारण आक्षेप मांडणीवर नसतोच, विषयाच्या अस्तित्वावर असतो. ऐंशी वर्षांनी तेच पुन्हा घडलं. 377 च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे समलिंगी मुलांचे पालक होते, मानसोपचारतज्ज्ञ होते, श्याम बेनेगल होते. 11 डिसेंबर 2013 च्या निकालाने त्या सगळ्यांना उत्तर दिलं ते असं, की ही लोकसंख्या अत्यल्प आहे आणि दीडशे वर्षांत दोनशेहूनही कमी खटले झाले आहेत. सभ्यपणे अदृश्य राहिलेल्या माणसांना शेवटी काय ऐकावं लागलं, तर तुम्ही फारसे नाहीतच. संख्येच्या या युक्तिवादाला रस्त्यावर दिसणं हेच उत्तर असतं. कोलकात्यात 2 जुलै 1999 ला फक्त पंधरा माणसं चालली होती; मुंबईत 16 ऑगस्ट 2008 ला ऑगस्ट क्रांती मैदानापासून निघालेल्या मोर्चात शेकडो होती.

इथे आक्षेपक एक अचूक मुद्दा काढतो, आणि तो टाळून चालणार नाही. 2018 साली 377 ची लढाई जिंकली ती नावाजलेल्या, प्रतिष्ठित अर्जदारांनी: नर्तक, पत्रकार, शेफ, हॉटेल व्यावसायिक. म्हणजे सभ्यता कामी आलीच ना? मी म्हणतो, त्या विजयाचा पाया कुणी घातला तेही बघा. 6 सप्टेंबर 2018 च्या निकालाआधी सर्वोच्च न्यायालयाचाच 15 एप्रिल 2014 चा नालसा निकाल होता, आणि त्यात ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठींसारख्या तृतीयपंथी व्यक्ती न्यायालयापुढे उभ्या होत्या. त्या निकालाने सांगितलं की आपली लिंगओळख पोशाखातून, बोलण्यातून, वागण्यातून व्यक्त करणं हा घटनेच्या 19व्या अनुच्छेदाने दिलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. ज्या माणसांना सभ्य पोशाखाचा नियम मोर्चाच्या शेपटाकडे ढकलतो, त्यांनीच कपड्यांचा हक्क न्यायालयातून मिळवून सगळ्यांच्या हाती ठेवला. लिपस्टिक लावलेला कोती, टाळी वाजवणारी हिजडा, साडीतला जोगता यांना 'भडक' म्हणताना आपण कुणाकडे बोट दाखवतो याचा विचार हवा. समलिंगी बँक मॅनेजर शर्टपँटमध्ये वर्षभर लपू शकतो. त्यांना एक दिवससुद्धा लपता येत नाही. पोलिसांचा दंडुका आधी त्यांच्यावर पडतो. नियम सगळ्यांना सारखा लागू होतो खरा, पण त्याची किंमत त्यांच्याकडूनच वसूल होते.

मग नियमच नकोत का? नाही, आणि वारीचा दाखला इथे माझ्या बाजूचा आहे. दिंड्यांचा क्रम असतो तो लाखो पायांची चेंगराचेंगरी होऊ नये, कुणी मागे पडू नये, मुक्काम गाठता यावा म्हणून. कडेला उभ्या असलेल्या परगावच्या पाहुण्याला वारी देखणी वाटावी म्हणून कुणी क्रम लावलेला नाही. माझी कसोटी हीच आहे: चालणाऱ्याला वाचवणारा नियम योग्य, बघणाऱ्याचं समाधान करणारा नियम अयोग्य. 2008 च्या दिल्लीच्या मोर्चात मुखवटे होते, इंद्रधनुषी. ज्याच्या घरी कळलेलं नाही, ज्याची नोकरी जाईल, त्यालाही चालता यावं म्हणून. ही सोय क्षुल्लक नव्हे. सिडनीत 24 जून 1978 च्या रात्री पहिल्या मार्डी ग्रा मोर्चात 53 जणांना अटक झाली आणि 'सिडनी मॉर्निंग हेराल्ड'ने त्यांची नावं, पत्ते, व्यवसाय छापून टाकले. कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या, घरं तुटली. वृत्तपत्राने माफी मागितली ती 2016 साली, अडतीस वर्षांनी. तेव्हा मोर्चात एक कडक नियम असावा असं मला ठामपणे वाटतं: विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही, आणि काढलाच तर तो कुठे जाणार ते सांगायचं. हा नियम सांगलीतल्या त्या मुलाच्याही कामाचा आहे. उद्या तो पुण्याला येऊन, तोंड झाकून का होईना, चालू शकेल. आईच्या 'शी'वर उपाय म्हणून इतरांना साडी बदलायला लावून त्याला काही मिळणार नाही. ती आई ज्या दिवशी कोटातला समलिंगी बघेल, त्या दिवशीही तिचा पहिला प्रश्न लग्न कधी करणार हाच असेल.

आक्षेपकाचा शेवटचा बाण सगळ्यात धारदार आहे. "तुमची कसोटी कपड्यांना चालते, पण घोषणांचं काय? 1 फेब्रुवारी 2020 ला मुंबईत मोर्चाला परवानगी मिळाली नाही, आझाद मैदानावर मेळावा झाला, तिथल्या एका घोषणेवरून 51 जणांवर राजद्रोहाचा गुन्हा नोंदवला गेला. आयोजकांना त्या घोषणेपासून दूर व्हावं लागलं. इथे नियम केला असता तर तो चालणाऱ्यालाच वाचवणारा ठरला नसता का?" हो, ठरला असता, आणि म्हणून इथे मी आयोजकांना दोष देत नाही. ज्यांच्या अंगावर तुरुंग येतो त्यांना सावध राहण्याचा अधिकार आहे. पण सावधगिरी आणि सोवळं यांत फरक आहे. 'ही घोषणा दिली तर या मुलांवर गुन्हा दाखल होईल' हे म्हणणं एक, आणि 'आमचा विषय फक्त प्रेमाचा, बाकीच्या अन्यायांशी आमचं देणंघेणं नाही' हे म्हणणं वेगळं. दुसऱ्या वाक्यात बघणाऱ्याला खूश ठेवण्याची तीच जुनी धडपड आहे. ब्रिटनमधल्या खाणकामगारांच्या संपाच्या काळात लंडनमधल्या समलिंगी कार्यकर्त्यांनी वेल्समधल्या संपकऱ्यांसाठी पैसा उभा केला, तेव्हाही अनेकांनी विचारलंच असणार की खाणीशी आपला काय संबंध. 1985 च्या लंडन प्राइडच्या अग्रभागी ते खाणकामगार आपले झेंडे घेऊन चालले, आणि त्याच वर्षी मजूर पक्षाच्या परिषदेत समलिंगी हक्कांचा ठराव मंजूर झाला त्यात त्यांच्या संघटनेच्या मतांचा मोठा वाटा होता. आपल्याकडे तर संबंध शोधायलाही नको. दलित तृतीयपंथी, मुस्लीम समलिंगी, झोपडपट्टीतला ट्रान्स पुरुष यांना घरी कोणता अन्याय ठेवून मोर्चाला यायचं ते निवडता येत नाही.

राहिला परवानगीचा धाक. सभ्य राहिलो तर मोर्चा चालू राहील, ही आशा मला समजते, पण जगाचा अनुभव तिच्या विरुद्ध आहे. मॉस्कोत 2012 साली न्यायालयाने प्राइडवर शंभर वर्षांची बंदी कायम केली; इस्तंबूलच्या मोर्चावर 2015 पासून बंदी येत राहिली आणि जमलेल्यांवर पाण्याचे फवारे सोडले गेले. कुणाच्या झग्याची लांबी मोजून या बंद्या आल्या नव्हत्या. हंगेरीने 2025 च्या मार्चमध्ये प्राइडबंदीचा कायदा केला तेव्हा मुलांच्या रक्षणाचं कारण दिलं, सहभागींना दोन लाख फोरिंटपर्यंत दंड ठेवला आणि चेहरे ओळखणारे कॅमेरे वापरायची पोलिसांना मुभा दिली. तरीही बुडापेस्टच्या महापौरांनी मोर्चा महापालिकेचा कार्यक्रम म्हणून जाहीर केला आणि 28 जूनला आयोजकांच्या अंदाजानुसार लाखाहून अधिक माणसं रस्त्यावर उतरली. त्या कायद्याचं लक्ष कपड्यांकडे नव्हतं, चेहऱ्यांकडे होतं. हीच गोष्ट उद्या आपल्याकडच्या लहानमोठ्या शहरांत येऊ शकते, आणि तिथे आयोजकांची ताकद, पैसा, स्वयंसेवक कुठे लावायचे हे आजच ठरवायला हवं. पोशाख तपासणारे दहा कार्यकर्ते उभे करण्यापेक्षा त्यांतल्या पाच जणांना मुखवटे वाटायला ठेवा, तिघांना छायाचित्रकारांशी बोलायला, आणि दोघांना वकिलाचा नंबर खिशात ठेवून मोर्चाच्या शेपटाला चालायला सांगा, कारण गर्दी पांगली की पोलीस आधी तिथेच येतात.