नकारानंतरचे पान

मध्य प्रदेशात, धार जिल्ह्यातल्या राजगढजवळ मोहनखेडा हे जैन तीर्थ आहे. आचार्य श्रीमद् राजेंद्रसूरी यांची समाधी इथेच. डिसेंबर 1906 मध्ये राजगढला त्यांनी देह ठेवला. समाधीपुढे माथा टेकवणाऱ्याने त्यांच्या ग्रंथाची हकिगतही समजून घ्यावी, इतकी ती मोलाची आहे.

वयाची साठी उलटल्यावर राजेंद्रसूरींनी ‘अभिधान राजेंद्र कोश’ लिहायला घेतला. प्राकृत शब्द, त्यांचे संस्कृत अर्थ आणि जैन आगमांतले त्यांचे संदर्भ असे हे काम होते. शब्दांची संख्या साठ हजारांच्या घरात गेली. जैन साधूचे जीवन म्हणजे अनवाणी विहार, चातुर्मासापुरता एका गावी मुक्काम आणि रात्री दिवा नाही. लिहायचे ते सूर्य असेपर्यंतच. शाईत भिजवलेले कापड ते संध्याकाळी वाळवून ठेवत आणि सकाळी पुन्हा ओले करून लेखणी उचलत, असे अनुयायी सांगतात. राजस्थानातल्या सियाणा गावी सुरू झालेले हे लेखन सुमारे चौदा वर्षांनी सूरतमध्ये पुरे झाले. पण छापील कोश त्यांना पाहायला मिळाला नाही. त्यांच्या पश्चात मुनी दीपविजय आणि मुनी यतींद्रविजय या शिष्यांनी संपादन केले आणि रतलामहून सात खंड निघाले.

राजेंद्रसूरींचा जन्म 1827 चा. त्याच वर्षी जन्मलेल्या जोतीराव फुल्यांच्या वाट्याला तर उघड नकार आला. 1855 मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. भोळ्या कुणबी नवराबायकोला धर्माची भीती घालून लुबाडणारा जोशी त्यात आहे आणि अखेर शिकायचा निश्चय करणारे ते जोडपेही आहे. नाटक ग्रंथांना बक्षिसे देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीकडे गेले आणि तिथे नाकारले गेले. कमिटीतल्या भटांपुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, हे जोतीरावांनी पुढे ‘गुलामगिरी’ या आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवले. ते नाटक छापले गेले 1979 मध्ये. मधे 124 वर्षे गेली.

जोतीरावांनी मात्र कमिटीच्या शिफारशीची वाट पाहत लेखणी खाली ठेवली नाही. शिवाजी महाराजांवरचा पोवाडा आला, ‘गुलामगिरी’ आली, ‘शेतकऱ्याचा असूड’ आला. 1888 मध्ये पक्षाघाताने उजवा हात गेला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून काढले. तेही प्रसिद्ध झाले त्यांच्या निधनानंतर, 1891 मध्ये.

या दोघांना कशाने तारले असेल? मला वाटते, लिहिणे हे त्यांच्या लेखी कर्तव्य होते. कमिटीचा होकार मिळाला असता तर बरेच झाले असते. पण अडाणी ठेवल्या गेलेल्या माणसाला शहाणे करण्याचे काम त्या होकारावर अवलंबून नव्हते. कोशातला पुढचा शब्दही कुणाच्या शाबासकीसाठी अडून राहिला नाही. नकार लागतो तो लिहिणाऱ्याच्या मानाला. काम मानापेक्षा मोठे असले की तो घाव सोसता येतो.

तरीही ‘खरा लेखक कधी खचत नाही’ असे म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री पुरुष तुलना’ 1882 मध्ये निघाले. विधवांना दूषणे देणाऱ्या समाजाला त्यांनी रोखठोक जाब विचारला होता. त्यावर टीकेची झोड उठली. जोतीराव आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेतून त्यांच्या पाठीशी उभे राहिले, पण असे उभे राहणारे फार थोडे. ताराबाईंचे त्यानंतरचे एकही पुस्तक आपल्याला माहीत नाही. संशोधक स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये ‘स्त्री पुरुष तुलना’ पुन्हा प्रकाशात आणले, तेव्हा मराठी वाचकाला कळले की आपण काय विसरून बसलो होतो. ताराबाईंकडे धैर्याची उणीव होती, असे ते पुस्तक वाचणारा कुणीही म्हणणार नाही. उणीव होती ती सोबतीची.

म्हणून चिकाटीचा सगळा भार लिहिणाऱ्याच्याच खांद्यावर टाकू नये. राजेंद्रसूरींच्या हस्तलिखिताला शिष्य मिळाले, म्हणून आज ते सात खंड आहेत. जोतीरावांच्या नाटकाची प्रत कुणीतरी जपली, म्हणून ते वाचता येते. लिहिणारा आपले पान पुरे करतो. ते जपणे, वाचणे आणि पुढे पोहोचवणे हे इतरांचे काम आहे, आणि त्यात आपण सारे येतो.

ज्यांचे लेखन परत आले आहे, त्यांना एवढेच सांगणे आहे: नकारात सुधारण्याजोगे काही असेल ते घ्या आणि पुढचे पान लिहायला बसा. आणि तुम्हा वाचकांना विनंती अशी की, घरातल्या किंवा ओळखीतल्या कुणी आपले लिखाण विश्वासाने तुमच्या हाती दिले, तर ते तसेच पडू देऊ नका. वाचा, आणि जे वाटले ते प्रामाणिकपणे, पण आपुलकीने सांगा. पटले नाही तरी सांगा. फार दिवस लावू नका.