व्हीगन प्रसाधने: आचरणापासून लेबलापर्यंत

लिपस्टिकवर छापलेला ‘व्हीगन’ हा शब्द तिच्यात प्राणिजन्य काही नाही, एवढेच सांगतो. मूळ कल्पनेत मात्र व्हीगन असे तो माणूस, वस्तू नव्हे. १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये व्हीगन सोसायटी काढली, ती दूधदुभतेही वर्ज्य मानणाऱ्या शाकाहारींची. १९५१ मध्ये लेस्ली क्रॉस यांनी ‘प्राण्यांचे शोषण न करता जगणे’ अशा अर्थाची व्याख्या मांडली आणि विषय ताटाबाहेर गेला. चामडे आणि लोकर यांच्याबरोबर साबण-पावडरही चर्चेत आली.

प्रसाधनांत प्राणिजन्य घटक पूर्वापार आहेत. लाल रंगासाठी कोचिनियल किड्यांपासून काढलेले कार्माइन, मऊपणासाठी मेंढीच्या लोकरीतले लॅनोलिन, चकाकीसाठी माशांच्या खवल्यांतले ग्वानिन, शार्कच्या यकृतातले स्क्वालीन. महाराष्ट्रात बायका कपाळाला आधी मेण लावून त्यावर कुंकू टेकवत. ते मेण मधमाश्यांचे असे. परंपरेने आलेले ते वनस्पतिजन्यच, हा समज म्हणूनच टिकत नाही. उलट व्हीगन म्हणजे नैसर्गिक असेही नाही: मधमाश्यांच्या मेणाऐवजी कार्नोबा या पामच्या पानांवरचे मेण वापरता येते, तसेच खनिज तेलापासूनचेही.

१९५९ मध्ये लेडी म्युरिएल डाउडिंग यांनी ब्रिटनमध्ये ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ ही चळवळ सुरू केली. तिची भारतीय शाखा १९७४ ची, कार्यालय पुण्यात. चळवळीचा रोख क्रौर्यावर होता आणि क्रौर्यात घटकही आले, प्रयोगशाळेतल्या चाचण्याही. पुढे या दोन गोष्टींच्या वाटा वेगळ्या झाल्या. व्हीगन सोसायटीने १९९० मध्ये उत्पादनांसाठी आपले व्यापारचिन्ह सुरू केले, तर १९९६ पासून अमेरिकेतील ‘लीपिंग बनी’ कार्यक्रम चाचण्यांवर लक्ष ठेवू लागला. ग्राहक अजूनही दोन्ही एकच समजतो. वास्तविक प्राण्यांवर चाचणी न केलेल्या लिप बाममध्ये मधमाश्यांचे मेण असू शकते आणि निव्वळ वनस्पतिजन्य क्रीमची चाचणी सशावर झालेली असू शकते.

चाचण्यांचा प्रश्न कायद्याने बराच पुढे नेला. युरोपीय संघात प्राण्यांवर चाचणी केलेल्या प्रसाधनांच्या विक्रीवर मार्च २०१३ पासून पूर्ण बंदी आली. भारतात चाचणीवर आणि अशा प्रसाधनांच्या आयातीवर २०१४ मध्ये. तरीही फट राहिलीच. सनस्क्रीनमधल्या दोन घटकांची प्राण्यांवर चाचणी मागणारा युरोपीय रसायन संस्थेचा आदेश संघाच्या सामान्य न्यायालयाने २०२३ मध्ये कायम ठेवला. कारण हे घटक हाताळणाऱ्या कामगारांच्या सुरक्षेसाठी रसायनांचा वेगळा कायदा लागू होतो.

घटकांबाबत अडचण पुराव्याची आहे. ग्लिसरीन चरबीपासून मिळते, खोबरेल तेलापासूनही. दोन्हीचे लेबलावरचे नाव एकच. स्टिअरिक आम्लाचेही तसेच. कार्माइन तर ‘सीआय ७५४७०’ असा नुसता क्रमांक होऊन येते. तयार डबीतला पदार्थ तपासून मूळ स्रोत सांगणे अवघड, म्हणून दाव्याचा खरा आधार म्हणजे कच्चा माल पुरवणाऱ्याचे लेखी हमीपत्र. व्हीगन दावा करणाऱ्याने आपली पुरवठासाखळी टोकापर्यंत तपासली नसेल, तर तो दावा नव्हे, अंदाज आहे.

युरोपीय संघाच्या प्रसाधन कायद्यात ‘व्हीगन’ची व्याख्या नाही, मात्र २०१३ च्या नियमानुसार प्रसाधनाबद्दलचा कोणताही दावा सत्य आणि पुराव्यावर आधारलेला असावा लागतो. भारतात त्याच सुमारास, २०१४ मध्ये, साबण, शाम्पू, टूथपेस्ट यांवर हिरव्या किंवा लाल-तपकिरी ठिपक्याचा नियम आला. पण हिरवा ठिपका शाकाहाराचा. दूध आणि मध त्यात बसतात, व्हीगनमध्ये नाहीत. व्हीगन पदार्थांची व्याख्या आणि स्वतंत्र चिन्ह ठरवणारे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०२२ चे नियम केवळ खाद्यपदार्थांना लागू आहेत, लिपस्टिकला नाहीत.