देव भेटूनही नामदेवांना विसोबा का लागले?

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यासारख्या गावात पाऊस लांबला किंवा सोयाबीनचा भाव पडला, की कर्त्या माणसाच्या जिवाला घोर लागतो. रात्र रात्र डोळा लागत नाही, जेवण जात नाही, कशात मन रमत नाही. शेजारपाजारचे समजूत घालतात ती बहुधा देवाचं नाव घेऊन: माळ घाल, नाम घे, पांडुरंगावर सोपव. सल्ला मायेचाच असतो. पण ज्याला ग्रासलेलं असतं त्याला त्यातून वेगळंच ऐकू येतं: तुझी श्रद्धा कमी पडली. मग काळजीत अपराधीपणाची भर पडते आणि माणूस गप्प होतो.

खरा भक्त असेल तर त्याला दुसऱ्या माणसाच्या आधाराची गरज उरत नाही का? याचं उत्तर शोधायला हिंगोलीकरांना जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही.

नामदेवांचं जन्मगाव म्हणून ओळखलं जाणारं नरसी याच जिल्ह्यात आहे. विठ्ठल त्यांच्याशी बोलायचा, त्यांच्या हातचा नैवेद्य खायचा, असं परंपरा सांगते. देवाशी याहून जवळीक ती कोणती? तरीही संत गोरा कुंभारांनी, म्हणजे गोरोबाकाकांनी, मडकी थापायच्या थापटण्यानं एकेका संताचं डोकं तपासलं, तेव्हा नामदेव चिडले आणि कच्चे ठरले. दुखावलेले नामदेव विठ्ठलाकडे गेले. विठ्ठलानं त्यांना औंढा नागनाथला, विसोबा खेचरांना गुरू करायला पाठवलं. तिथे विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडले होते. नामदेवांनी हटकलं, तर ते म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव. नामदेव पाय नेतील तिथे पिंड दिसू लागली.

या कथेचा विषय आत्मज्ञान आहे, मनाचा आजार नव्हे. पण तिच्यातला एक तपशील काळजीनं पोखरलेल्या माणसासाठी मोलाचा आहे. भक्ताला माणसाकडे पाठवणारा इथे खुद्द देव आहे. माणसाचा आधार घेणं म्हणजे देवाकडे पाठ फिरवणं, असं ही परंपरा मानत नाही.

आणि दुःख म्हणजे ज्ञानाचा अभाव, असंही ती मानत नाही. १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. त्या प्रसंगावरच्या नामदेवांच्या अभंगांत निवृत्तिनाथांचा आकांत आहे. ज्यांनी ज्ञानदेवांना ज्ञान दिलं, ते गुरूच धाकट्या भावासाठी विव्हळले. त्यांना कुणी कच्चं म्हटलं नाही.

बोलण्यानं माणूस सावरतो, याचा पुरावा आज विज्ञानाकडेही आहे. गोव्यात 'संगत' या संस्थेनं दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर प्रयोग केला. तो २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेले साधे स्थानिक लोक होते. सहा ते आठ भेटींत ते रुग्णाचं ऐकून घेत आणि सुटून गेलेली कामं, भेटीगाठी हळूहळू पुन्हा सुरू करायला मदत करत. तीन महिन्यांनी त्यांच्याकडच्या ६४ टक्के रुग्णांचं नैराश्य ओसरलं होतं. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. भजनी मंडळात जाणारा माणूसही घराबाहेर पडतो, चार जणांत बसतो. म्हणून भजन सोडायला सांगण्याचं कारणच नाही. मात्र आजार बळावला तर औषधं लागतात, आणि ती भजनाच्या जोडीनं घेता येतात.

सोयी अगदीच नाहीत असंही नाही. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राज्य शासनानं २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्यात हिंगोली आहे. घरोघर जाऊन त्रासलेली माणसं हेरण्याचं काम आशाताईंकडे आलं. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. त्यावर मराठीतूनही बोलता येतं.

अडतं ते लाजेपाशी, आणि ती लाज कीर्तनकार घालवू शकतात. हरिनाम सप्ताहात त्यांचा शब्द गाव मानतं. नामदेव-विसोबांची भेट सांगताना त्यांनी स्पष्ट सांगावं, की मनाच्या त्रासासाठी दवाखान्यात जाण्यानं नामाला कमीपणा येत नाही. सप्ताहाच्या पत्रिकेवर अन्नदात्यांच्या नावांखाली १४४१६ हा क्रमांक छापावा. घरच्यांनी उपदेशाआधी नीट ऐकून घ्यावं, आणि जगणं नको झाल्याची भाषा कानावर आली तर त्या माणसाला क्षणभरही एकटं न सोडता त्याच दिवशी स्वतः सोबत जाऊन डॉक्टरांना दाखवावं.