पाण्याला आधी वस्ती हवी

नव्या फिशटँकचं पाणी पहिल्या आठवड्यात जितकं नितळ दिसतं तितकं पुढे क्वचितच दिसतं, आणि सर्वांत जास्त मासे मरतात तेही त्याच सुमारास. गव्हाण, उलवे, जासई या पट्ट्यात इमारती उभ्या राहिल्या तशी बऱ्याच घरांच्या हॉलमध्ये दोन फुटी काचेची टाकी आली. टाकी, रंगीत रेती, फिल्टर आणि फुगवलेल्या पिशवीतले डझनभर मासे, सगळं एकाच खेपेत घरी येतं. संध्याकाळी टाकीतला दिवा लागतो, मुलं काचेला नाक लावून बसतात. काही दिवसांतच मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात आणि एके सकाळी त्यातला एखादा तळाशी आडवा पडलेला दिसतो. मग दुकानदाराने आजारी मासे दिले, नळाचं पाणी वाईट होतं, मुलांनी जास्त खाद्य टाकलं, अशी कारणं निघतात. यांतलं एखादं खरंही असतं. पण बहुतेक वेळा मूळ कारण वेगळं असतं. त्या पाण्यात माशांच्या आधी ज्यांनी राहायला यायला हवं, ते अजून आलेलेच नसतात.

फिशटँक म्हणजे माशांचं घर, हे अर्धंच खरं आहे. ती आधी जिवाणूंची वस्ती असते. मासे तिथे नंतर येतात आणि त्या वस्तीच्या जिवावर जगतात. ही एक गोष्ट नीट मनात उतरली की टाकीची बाकीची सगळी व्यवस्था तिच्यातूनच कळत जाते.

माशाच्या शरीरात प्रथिनं पचली की नको असलेला नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने बाहेर पडतो, आणि तोही मुख्यतः कल्ल्यांतून. ज्या वाटेने प्राणवायू आत येतो त्याच वाटेने हे विष बाहेर जातं. न खाल्लेलं खाद्य, विष्ठा, कुजलेली पानं यांतूनही अमोनियाच तयार होतो. खाडीच्या अफाट पाण्यात तो विरून जातो. टाकीत तो जाणार कुठे? दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी काठोकाठ भरली तरी जेमतेम ५६ लिटर पाणी मावतं. रेती, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की ४५ लिटरच्या आसपास उरतं. एवढ्याशा पाण्यात मासा स्वतःच टाकलेल्या विषात दिवसरात्र श्वास घेत राहतो.

हा अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक विषारी आणि दुसरं बरंचसं निरुपद्रवी. कोणतं किती, हे पाण्याच्या पीएचवर आणि तापमानावर ठरतं. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी विषारी भाग अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. पीएच ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांवर जातो. त्यामुळे एकाच पिशवीतले मासे दोन घरांत वाटून घेतले, तरी नळाच्या पाण्यात ते तगतात आणि पीएच जास्त असलेल्या बोअरिंगच्या पाण्यात मरतात, असं होऊ शकतं.

हे विष खाणारे जिवाणू निसर्गात सगळीकडे आहेत. त्यांचा एक गट अमोनियापासून नायट्राइट बनवतो. नायट्राइटही घातकच, कारण ते माशाच्या रक्तात शिरून रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेतं. रक्त तपकिरी पडतं आणि पाण्यात भरपूर हवा असूनही मासा गुदमरतो. मग दुसरा गट या नायट्राइटचं नायट्रेट करतो. नायट्रेट मात्र मासे बऱ्यापैकी सोसतात, आणि झाडं ते खत म्हणून शोषून घेतात.

हे समजायला माणसाला किती वेळ लागला तेही सांगण्यासारखं आहे. लंडनमधले रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1850 मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. एका भांड्यात गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या तर पाणी न बदलताही मासे जगतात, असं त्यांना दिसलं होतं. वनस्पती प्राणवायू देतात, गोगलगायी कुजकी पानं खातात, मासे दोघांच्या आधाराने राहतात, असा त्यांनी अर्थ लावला. तो बरोबर होता, पण भांड्यातला चौथा रहिवासी त्यांच्या हिशेबात नव्हता. त्याचा माग काढणाऱ्यांत पुढे त्यांचाच मुलगा होता. धाकटे रॉबर्ट वॉरिंग्टन हे इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड इथल्या शेतीसंशोधन केंद्रात मातीवर काम करत होते. अमोनियाचं नायट्रेट होण्याची क्रिया दोन पायऱ्यांत आणि दोन वेगळ्या जिवांकडून होते, हे त्यांनी दाखवलं. पुढे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी 1890 च्या सुमारास हे जिवाणू वेगळे काढून वाढवले. वडिलांच्या भांड्यातलं कोडं मुलाने शेतातल्या मातीत सोडवलं, ही मला विज्ञानाच्या इतिहासातली फार सुंदर जोडी वाटते. त्यानंतरही शोध थांबला नाही. घरगुती टाकीतली दुसरी पायरी नायट्रोबॅक्टर नावाचा जिवाणू करतो असं पुस्तकांत वर्षानुवर्षं छापलं गेलं; ते काम बहुतांशी नायट्रोस्पायरा करतो, हे 1998 मध्ये पुढे आलं. आणि 2015 मध्ये मत्स्यपालनाच्या एका फिल्टरमध्ये दोन्ही पायऱ्या एकट्याने पार पाडणारा नायट्रोस्पायराही सापडला.

हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते स्पंजच्या छिद्रांत, रेतीच्या कणांवर, झाडांच्या पानांवर, काचेवर बुळबुळीत थर करून चिकटून राहतात. टाकीची खरी मालमत्ता तो थर आहे. आपल्याकडे मात्र महिन्यातून एक रविवार ‘टाकी धुण्याचा’ असतो. मासे बादलीत काढायचे, सगळं पाणी ओतून द्यायचं, रेती चोळून धुवायची, स्पंज नळाखाली पिळून पांढराशुभ्र करायचा, काच घासायची आणि नव्या पाण्यात मासे परत सोडायचे. हे करणारा माणूस आळशी नसतो, उलट फार काळजीने करतो. पण त्या एका दुपारी तो महिनाभराची वस्ती उठवतो आणि मासे पुन्हा पहिल्या दिवसाच्या पाण्यात येऊन पडतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जंतू मारण्यासाठीच असतं आणि ते हे जंतू वगळत नाही. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्याच बादलीभर पाण्यात, हलक्या हाताने दोन-तीनदा दाबून. तो तपकिरीच राहिला पाहिजे.

ही वस्ती वसते हळू. साधे जिवाणू अनुकूल परिस्थितीत वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात. यांना दुप्पट व्हायला अर्धा ते एक दिवस, कधी त्याहूनही जास्त लागतो. म्हणून नवी टाकी लावल्यावर फिल्टर चालू ठेवून चार ते सहा आठवडे माशांविना थांबायचं. या काळात रोज चिमूटभर खाद्य टाकायचं, ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना अन्न मिळतं. ओळखीच्या कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्यातल्या स्पंजचा एक तुकडा मागून आणावा; विरजण लावल्यासारखं काम होतं आणि बरेच दिवस वाचतात. पाणी तपासण्याचं किट जरूर घ्यावं. अमोनिया आधी चढतो, मग उतरतो. त्याच्या मागोमाग नायट्राइट चढतं आणि उतरतं. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागलं की वस्ती झाली असं समजावं. फिल्टरच्या खोक्यावर काय लिहिलंय त्यापेक्षा या तीन आकड्यांवर माझा जास्त विश्वास आहे.

गव्हाणच्या माणसाला हे सगळं नवं वाटू नये. पनवेलच्या खाडीचं पाणी दिवसातून दोनदा भरतं आणि दोनदा ओसरतं, अमावास्या-पौर्णिमेला उधाणाचं, अष्टमीच्या सुमाराला भांगाचं. भरती घाण वाहून नेते, पण घाणीचं रूपांतर करते ती खारफुटीखालची चिखलवट. निवट्या जिथे उड्या मारतात त्या चिखलाच्या वरच्या थरात हेच जिवाणू काम करत असतात. रायगडच्या खारेपाटात घराजवळच्या तळ्यात जिताडा वाढवण्याची जुनी रीत आहे. त्या तळ्याला पंप नसतो, फिल्टर नसतो, पण तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ असतो. काचेच्या टाकीत आपण तो गाळ स्पंजमध्ये सामावतो आणि भरती-ओहोटीचं काम बादलीने करतो. आठवड्याला पाव भाग पाणी काढायचं, तेवढंच नवं भरायचं. नवं पाणी ॲण्टी-क्लोरीनचे थेंब घालून किंवा एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मगच ओतावं.

नळाला येणारं, धरणात साठलेलं पावसाचं पाणी साधारणपणे मऊ असतं आणि बोअरिंगचं बहुधा जड. मऊ पाण्यात एक अडचण येते. जिवाणू काम करताना पाण्यातली क्षारता खातात, एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे सात मिलिग्रॅम. क्षारता संपली की पीएच घसरतो आणि जिवाणूंचं काम मंदावतं; टाकी जुनी, पाणी स्वच्छ, तरी अमोनिया वाढतो. यावरचा उपाय आपल्या स्वयंपाकघरात आहे. तिसऱ्यांच्या शिंपल्या उकळून, घासून, फोडून मूठभर फिल्टरमध्ये ठेवाव्यात. त्या सावकाश विरघळत क्षारता भरून काढतात.

आता मासे. मासे एकत्र राहतील का, हे ठरवताना रंगाआधी पाणी बघावं. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना जड पाणी मानवतं, निऑन टेट्राला मऊ. गोल्डफिश थंड पाण्याचा आणि भरपूर घाण करणारा, त्याला या टाकीत घेऊच नये. एंजल मोठा झाला की निऑन गिळतो, टायगर बार्ब लांब पंखांचे लचके तोडतो. थव्याने राहणारे मासे सहाच्या खाली ठेवू नयेत. काच साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर फूटभराच्या वर वाढतो. तो नको झाला की लोक तळ्यात-नदीत सोडतात, आणि उजनी धरणातल्या मच्छीमारांच्या जाळ्यात तो आता सापडतो. टाकीतला कोणताही मासा खाडीत किंवा गावतळ्यात सोडू नये. नवे मासे एका वेळी तीन-चारच आणावेत आणि मध्ये आठवडा-दोन आठवडे जाऊ द्यावेत, कारण जिवाणूंची संख्या मिळणाऱ्या अन्नाइतकीच असते. एकदम बारा मासे सोडले तर जुनी टाकीही नव्यासारखी वागते.

हे जिवाणू प्राणवायूवर जगतात, ही शेवटची आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ अंशांना सव्वासात. कोकण किनाऱ्यावर हिटरची गरज क्वचितच पडते, पण मे महिन्यात एअर पंप जोरात चालायला हवा. पावसाळ्यात वीज तासन् तास जाते, तेव्हासाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरात ठेवावा. आणि गौरी-गणपतीला पाच-सहा दिवस गावी जाताना माशांच्या उपासाची काळजी करू नका. निरोगी मोठे मासे तेवढे दिवस खाण्याशिवाय सहज काढतात. शेजाऱ्यांकडे खाद्याचा डबा देऊन जाऊ नका, ते प्रेमापोटी जास्तच टाकतील. मात्र फिल्टर बंद पडला तर बंद डब्यातल्या स्पंजमधले जिवाणू काही तासांत मरू लागतात. म्हणून दाराला कुलूप लावताना घराचा मेन स्विच बंद करू नका.