पाकीट, मत आणि पंचशील

१५ जानेवारी २०२६ रोजी नाशिक महानगरपालिकेची निवडणूक झाली. मार्च २०२२ पासून तेथे प्रशासकाचा कारभार होता. तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन जायला वस्तीला नगरसेवकच नव्हता. ३१ प्रभाग, १२२ जागा, बहुतेक प्रभागांत एका मतदाराला ४ मते. महापौर तर आपण निवडीतच नाही, नगरसेवक निवडतात. म्हणजे आपले मत पुढे आणखी एकदा वापरले जाते, आणि तेही आपल्या माघारी.

अशा दिवसांत विहारात एक प्रश्न हटकून निघतो. ‘पैसा त्यांच्या घामाचा थोडाच आहे? घ्यावा, आणि मत आपल्या मनाने द्यावे. यात शील कोठे मोडते?’ प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. रोजंदारीच्या घरात त्या पैशाने आठवड्याचे धान्य येते.

पण पाहा. पाकीट घेताना मान डोलवावी लागते. ती मान डोलावणे हेच वचन होय. ते पाळावे तर मत विकले, मोडावे तर मुसावाद. समोरचा लबाड आहे म्हणून खोटे बोलावे, अशी सवलत चौथ्या शीलात नाही. तरी दोहोंत मत विकणे अधिक वाईट असे मी म्हणेन. खोट्याने आपले स्वतःचे मन मळते, विकलेल्या मताने सारी वस्ती पाच वर्षे भोगते. म्हणून विचार करायची वेळ मतपेटीपाशी नव्हे, दारात पाकीट येते तेव्हाचीच.

भगवंतांच्या संघात वाद मिटला नाही तर शलाका वाटून बहुमत घेत. त्या शलाका वाटणारा भिक्खू कसा असावा, हे विनयात सांगितले आहे: छंद, दोस, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणारा. छंद म्हणजे ओढ, आपला-परका पाहणे. जो नियम मते गोळा करणाऱ्याला, तो मत देणाऱ्याला का नसावा? आणि येथे आपल्यालाही खडा सवाल आहे. पैसा न घेता केवळ पोटजात पाहून मत दिले, तर तो छंदच की! दीक्षा घेतलेल्या घरांतही हा रोग आहे. बोलून दाखवीत नाहीत इतकेच.

महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तेथे पाणी प्राशन केले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव फिरवला. नगरपालिकेत हात वर करणारे कोण आहेत, यावर पाणी ठरत होते. तेव्हा मत घरपट्टी-मालमत्तेवर मिळे. आपल्या बहुतेकांना ते नव्हते. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकार मागितला तो यासाठी.

एका वृद्ध उपासिकेने विचारले, ‘मी नको म्हटले तरी उंबऱ्यावर पाकीट टाकून गेला, तर काय करू?’ मी म्हणालो, आई, दुसऱ्या दिवशी परत द्या. पण एकट्या जाऊ नका, दोन शेजारणी बरोबर घ्या.