गोरेपणाचे मोल कोणी द्यावे?

एखाद्याने स्वखुशीने, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या वस्तूपासून त्याला इजा झाली, तर दोष कोणाचा? घेणाऱ्याचा, विकणाऱ्याचा, बनवणाऱ्याचा, की ती वस्तू घ्यावी अशी इच्छा ज्यांनी त्याच्या मनात रुजवली त्यांचा? दारू-तंबाखूच्या बाबतीत हा प्रश्न आपण पुष्कळदा विचारतो. आरशासमोरच्या लहानशा डबीविषयी मात्र तो विचारावा असे आपल्याला सहसा वाटत नाही.

केरळातील कोट्टक्कल येथे जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण तज्ज्ञांना आढळले. या विकारात मूत्रपिंडाची गाळणी नादुरुस्त होते, रक्तातील प्रथिने लघवीवाटे वाहून जातात, लघवीला फेस येतो आणि पायांवर सूज चढते. या २२ पैकी १५ जणांत विकाराचा एक विरळ प्रकार दिसून आला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी त्वचा उजळ करणारे क्रीम वापरत असल्याचे सांगितले. आपल्या अकोल्यातही एकाच कुटुंबातील तिघी स्त्रियांना असाच मूत्रपिंडविकार जडल्याचे आणि त्यामागे चेहऱ्याला लावायचे क्रीम असल्याचे प्रसिद्ध झाले होते. या साऱ्यामागचा अपराधी एकच होता, आणि तो म्हणजे पारा.

पारा क्रीममध्ये का घालतात, हे समजून घेतले पाहिजे. त्वचेचा सावळा वर्ण ज्या रंगद्रव्यामुळे येतो, ते तयार करणाऱ्या विकराचे काम पारा रोखतो. त्यामुळे थोड्याच आठवड्यांत चेहरा खरोखरच उजळतो. खरी मेख येथेच आहे. भोंदू औषधाने गुण येत नाही, म्हणून ते लवकर उघडे पडते. हे विष मात्र दिलेले वचन पाळते. मैत्रिणी विचारतात, नातेवाईक वाखाणतात, आणि डबी एका घरातून दुसऱ्या घरात जाते. दरम्यान पारा त्वचेतून शरीरात शिरून मूत्रपिंडात साठत राहतो. त्याची वाफ घरातील इतरांच्या, अगदी तान्ह्या बाळाच्याही श्वासात जाऊ शकते.

याविषयी कायदा मुका नाही. २०२० च्या प्रसाधन नियमांनुसार, डोळ्यांभोवती लावायच्या प्रसाधनांची वेगळी मर्यादा सोडली, तर अन्य कोणत्याही प्रसाधनात अनवधानाने आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एक भागापेक्षा अधिक असता कामा नये. जपानमधील मिनामाता येथे एका कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्यामुळे मासे विषारी झाले आणि १९५६ साली तेथील भयंकर रोग उजेडात आला. त्या गावाचे नाव दिलेल्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने २०१८ साली मान्यता दिली. पारा घातलेली सर्व सौंदर्यप्रसाधने २०२५ पर्यंत बंद करावीत, असे या कराराच्या २०२३ मधील बैठकीत ठरले. पण ज्या डबीवर कारखान्याचा पत्ता नाही, घटकांची यादी नाही, तिच्यापर्यंत नियमाचा हात पोहोचावा कसा? येथे कायद्याची हद्द संपते आणि विवेकाची सुरू होते.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक लहानशी आज्ञा आहे. नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा बांधावा. न बांधल्यास आणि कोणी खाली पडल्यास त्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल. घर त्याचे, गच्ची त्याची, पडणारा मनुष्य आपल्या पायांनी वर गेलेला. तरीही दोष घर बांधणाऱ्याचा! 'त्याने बघून चालायचे होते' हा युक्तिवाद देवाच्या नियमशास्त्राने फेटाळून लावला आहे. आपल्या हातून जे बनते, जे विकले जाते, त्याच्या काठावर उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या जिवाला आपण जबाबदार आहोत. क्रीम बनवणारा, ते आणणारा दुकानदार, ग्राहकाच्या चेहऱ्याला ते चोळणारी ब्युटीपार्लरची चालक, या प्रत्येकाला ही आज्ञा लागू आहे. 'आत काय आहे ते मला ठाऊक नव्हते' असे म्हणून सुटका होत नाही. ठाऊक करून घेणे हाच तर कठडा आहे.

परंतु एवढ्यावर थांबलो तर आपण स्वतःला फार स्वस्तात सोडू. तरुण मुलींपुढे पेत्राच्या पहिल्या पत्रातील बाह्य शोभेविषयीचा उतारा वाचून नटण्यामुरडण्यावर उपदेश करणे सोपे आहे. पण ती मुलगी डबीकडे वळली ती केवळ हौसेपोटी का? बाळ जन्मले की पहिला प्रश्न 'रंग कुणावर गेलाय?' हा कोण विचारते? 'सावळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे' या वाक्यातील 'तरी' कोणाच्या तोंडचा? ख्रिस्ती वधू-वरांच्या जाहिरातींत 'उपासनेस नियमित जाणारी' या अटीशेजारी 'गोरी' ही अट छापायला देताना आपला हात अडखळतो का? दिल्ली असो, इंदूर असो वा हैदराबाद, आपली मराठी ख्रिस्ती कुटुंबे जेथे जेथे गेली, तेथे ही अटही सामानासोबत गेली आहे. पारा डबीत मिसळण्यापूर्वी तो आपल्या जिभेवर असतो.

गणनाच्या बाराव्या अध्यायात मोशेने कूशी स्त्री केली म्हणून मिर्याम व अहरोन त्याच्याविरुद्ध बोलले. त्यांचा आक्षेप तिच्या वर्णावर होता, असे शास्त्र म्हणत नाही. पण परक्या स्त्रीला निमित्त करून बोलणाऱ्या मिर्यामची त्वचा कोडाने बर्फासारखी पांढरी झाली, एवढे मात्र सांगते. शुभ्र त्वचा म्हणजे आशीर्वाद, ही समजूत पवित्र शास्त्रातून आलेली नाही. उलट गीतरत्नाची वधू आरंभीच आपल्या सावळेपणाचा आणि सौंदर्याचा एका श्वासात उच्चार करते. तिच्या बोलण्यात 'तरी' येत असेल, तर तो तिला पाहणाऱ्यांच्या नजरेमुळे.

शिवाय ज्या रंगद्रव्याला मारण्यासाठी हा सारा खटाटोप, ते प्रखर उन्हापासून आपल्या त्वचेचे रक्षण करते. तोही एक कठडाच आहे, निर्माणकर्त्याने स्वतः बांधलेला. तो फोडण्यासाठी आपण पैसे मोजतो!

करण्यासारखे पुष्कळ आहे. ज्या डबीवर उत्पादकाचे नाव-पत्ता आणि घटकांची यादी नाही, ती घरात आणू नये. असे क्रीम वापरणाऱ्या कोणाच्या पायांवर सूज दिसली, तर ते तत्काळ थांबवून डॉक्टरांना डबीसह भेटावे. वेळीच वापर थांबवल्यास मूत्रपिंड पुष्कळदा पूर्ववत होते. आणि मंडळीतील वडीलधाऱ्यांनी पुढच्या वेळी जाहिरात लिहिताना तो एक शब्द गाळावा. त्याला पैसे पडत नाहीत, धैर्य मात्र लागते.

आजवर गोरेपणाचे मोल आपल्या मुलींनी आपल्या शरीराने चुकवले आहे. ते मागणारे आपणच होतो, हे ओळखणे ही पश्चात्तापाची पहिली पायरी होय.