साध्य लिहिले, सिद्धतेचे काय?

शेजारची मुलगी यंदा दहावीत आहे. परवा संध्याकाळी भूमितीची वही आपटून म्हणाली, "काका, मला चित्रकार व्हायचंय. ही प्रमेयं पाठ करून मी काय करू?" तिच्या आईने माझ्याकडे पाहिले. काका आता चार हिताच्या गोष्टी सांगतील, अशी तिची अपेक्षा. मला काही सुचेना, म्हणून टेबलावरची चित्रकलेची फाईल चाळत बसलो.

एलिमेंटरी परीक्षेच्या वेळचे सरावाचे कागद होते. वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि कर्तव्यभूमिती. कंपासने आखलेला पंचकोन, वर्तुळाला बाहेरच्या बिंदूतून काढलेल्या दोन स्पर्शिका. रेषा केसासारख्या बारीक.

"ही भूमितीच ना?"

"ती ड्रॉइंगची," ती म्हणाली.

तेच वर्तुळ, तीच स्पर्शिका. एका वहीत गुणांची धास्ती, दुसरीत हाताची हौस! मुलांची नावड हा अखेरचा निकाल मानू नये तो यासाठीच. 'ताटात वाढलंय ते चाखून तर बघ' म्हणणारी आई काही जुलूम करत नसते.

पण प्रत्येक नावड अशी वरवरची नसते. काही मुलांचे आकड्यांशी खरोखरच जुळत नाही. अध्ययन अक्षमतेसंबंधीच्या याचिकेवर सुनावणी करताना 2017 साली मुंबई उच्च न्यायालयाने दहावीला गणित ऐच्छिक ठेवता येईल का, अशी विचारणा केली होती. राज्य मंडळाने काही वर्षे 'सामान्य गणिता'चा पर्याय दिला, पुढे तो बंद केला. उलट टोकाला रामानुजन. गणितापायी बाकीचे विषय मागे पडले आणि कुंभकोणमच्या कॉलेजातली शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासलाही एफ.ए.ची परीक्षा सुटली नाही. एका विषयातल्या नापासाने सगळीच दारे लावून घेणारी व्यवस्था मुलाला शिकवत नाही, नुसती गाळते.

भूमितीत आधी पक्ष लिहायचा, मग साध्य, मग सिद्धता. 'हे तुझ्या भल्याचं आहे' हे आपण मोठ्यांनी मांडलेले साध्य. गंमत अशी, की ते आपण मांडतो आणि सिद्धता मात्र चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांकडून मागतो. ज्याने सक्ती केली, सिद्धता त्याच्याच अंगावर. म्हणजे विषय नीट शिकवायचा, एका रीतीने कळला नाही तर दुसरी शोधायची, आणि तरीही नाही जमला तर पुढची वाट अडवायची नाही. एवढे करायची तयारी नसेल, तर सक्तीचा अधिकारही आपला नाही.

काल मीच तिच्याशेजारी वही घेऊन बसलो. बाह्यबिंदूतून काढलेले दोन स्पर्शिकाखंड एकरूप असतात, हे सिद्ध करायचे होते. दोन ओळींतच अडकलो. शाळा सोडून चाळीस वर्षे झाली. ती थोडा वेळ बघत राहिली. मग न राहवून म्हणाली, "काका, त्रिज्या काढा ना! दोन काटकोन त्रिकोण झाले. कर्ण सामाईक. आता कर्णभुजा कसोटी."

सिद्धता तिनेच पुरी केली. वही मिटताना बजावले, "तरी मला आवडत नाही हं."

म्हटले, नको आवडू दे.